हे आल्याचं काम नाय

आगाशीहून सायमनभावोजींचा फोन आला, तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "रोझी, बायच्या छातीत जळजळतंय. गॅस आहे म्हणते. आलं-मीठ चघळायला दिलंय, पण घाम फार येतोय..." मी म्हटलं, "भावोजी, थांबू नका, रिक्षा बोलवा." मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत माझी थोरली बहीण मार्था, आम्हा भावंडांची बाय, गेली होती.

बायच्या वाडीत केळींच्या सावलीला आल्याचा वाफा असे. खोकल्याला मधातून आल्याचा रस, भूक मेली की मीठ लावलेली चकती, बाळंतिणीला सुंठीचे लाडू. मी गरोदर असताना पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तेव्हा आलं उकळलेलं कोमट पाणी घेऊन ती उशाशी बसे. "सावकाश घे गो. पोटाला घाई नको." पण आल्यावर तिचा आंधळा विश्वास नव्हता. माझा मुलगा पाचेक वर्षांचा असताना तापाखोकल्यानं आजारी पडला. मी रसाची वाटी आणली. बायनं श्वासासरशी उडणारं त्याचं पोट पाहिलं आणि वाटी बाजूला सारली. "हे आल्याचं काम नाय. डॉक्टरकडे चल." न्यूमोनिया निघाला. दुसऱ्यांच्या बाबतीत इतकी सावध बाई स्वतःच्या छातीतल्या कळेला मात्र गॅस म्हणाली... मला अजून उमगत नाही.

भावोजींना एकच घोर. "मी आलं दिलं म्हणून तर..." डॉक्टरांनी समजावलं, आल्यानं काही बिघडलं नाही, उशीर झाला. त्यानं त्यांना हायसं वाटलं नाही. उशीरही त्यांच्या डोळ्यांदेखतच झाला होता.

बाय गेल्याला महिना झाला, त्या दिवशी चर्चमध्ये तिच्यासाठी ठेवलेल्या मिस्सेत भावोजींनी अचानक छातीवर हात दाबला. मी प्रार्थना अर्ध्यावर सोडून त्यांना धरून बाहेर आणलं. रिक्षात मी सारखी त्यांच्या कपाळाला हात लावून घाम आहे का ते बघत होते. कार्डिओग्राम चांगला आला. पित्त होतं. परतताना त्यांनी हळूच विचारलं, "मग आता आलं खाऊ?" मी 'खा' म्हणून मान डोलावली.

रोज सकाळी भावंडांना फोन करायची सवय बायची. "बरी हायस ना?" एवढंच विचारायची. आता तो फोन मी भावोजींना करते. पलीकडे रिंग वाजत राहते... ते "बोल" म्हणेपर्यंत मी पायात चपला घालून दारातच उभी असते.