एकसष्ट धावा

आयोवातल्या डोब्रा गावात लुमीर स्टानेकला ओळखत नाही असं कुत्रंही नव्हतं, कारण लुमीर कुत्र्यांनाही थांबवून सांगत असे. १९३८ साली दूध संघाच्या बेसबॉल लीगमध्ये त्याच्या फटक्यांवर एकसष्ट धावा आल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या इतक्या नाहीत. मैदानाच्या फाटकावरच्या फळीवर तसं ठसठशीत रंगवलेलंच होतं. पुढची बेचाळीस वर्षं त्याने लोण्याचे डबे बंद केले, पण फळीखालून जाताना मान अशी ताठ, की टोपी मागे पडायची.

मग शाळेतले टिबेट्स मास्तर लीगचा इतिहास लिहायला बसले आणि एका दुपारी लुमीरच्या ओसरीवर आले.

"लुमीरकाका, चौदा ऑगस्टचा सामना चौथ्या डावातच थांबला ना? लोण्याच्या कारखान्याला आग लागली म्हणून?"

लागली होती. दोन्ही संघांतले निम्मे गडी गावच्या बंबावरचे. घंटा वाजताच बॅटी टाकून पळाले. आणि पाच डाव पुरे झाले नाहीत, तर सामना झालाच नाही असा नियम. त्या सामन्यातल्या चार धावा वजा केल्या की लुमीरच्या उरत होत्या सत्तावन्न. दुसऱ्या क्रमांकावरच्या हॅल्वर मोच्या एकोणसाठ होत्या. हॅल्वर जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आग पाचवा डाव संपल्यावर लागली," लुमीर म्हणाला.

"पेपरात चौथा म्हटलंय."

"पेपरवाला बंबावर लटकलेला! त्याला काय दिसतंय?"

"मग काकू सांगतील. गुणवही त्यांनीच लिहिली होती. त्या म्हणतील ते छापतो."

लुमीर धडपडत स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको ब्लांच कोलाच नावाच्या गोड पावांच्या खळग्यांत आलुबुखाऱ्याचा गर भरत होती.

"ब्लांच, पाच म्हण. एवढं एकदाच."

"चार होते."

"अगं, फळी जाईल माझी!"

"चार. जन्मात एकदा धड खेळलास, त्या दिवशी नेमकी आग लागली."

"मग त्या धावा वहीत चढवल्यास कशाला?"

ब्लांचने हात पुसले. "तू गावभर सांगत होतास, पहिला आलो तर ब्लांचला मागणी घालीन. हॅल्वरही तेच सांगत होता. पेन्सिल माझ्या हातात होती."

लुमीरची छाती सदऱ्याची बटणं ताणेपर्यंत फुगली. "म्हणजे तू मला निवडलंस!"

"हो ना. एकवीस वर्षांची होते. अक्कल नव्हती." मग ओसरीकडे तोंड करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "चार डाव, मास्तर! लिहून घ्या. आणि कोलाच खाऊन जा."

पंधरा दिवसांत फळीवर हॅल्वरचं नाव लागलं.

आता रविवारी सामन्याला लुमीर मक्याच्या शेतातून अर्धा मैल वळसा घालून, मागच्या कुंपणाच्या फटीतून आत शिरतो. ब्लांच पुढच्या फाटकाने जाते. फळीखाली जरा थांबते, वर बघते, मग आत येऊन नवऱ्याशेजारी बसते.