माझा जगरा

देवळीजवळच्या आमच्या गावाला चैत्रात मारुतीची जत्रा भरायची. पाळणे, बांगड्यांची दुकानं, फुटाण्यांचे ढीग, सगळं असायचं, पण लोक यायचे रोडग्यांसाठी. ज्याचा नवस पुरा झाला त्याने देवळामागच्या आमराईत गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा, कणकेचे गोळे त्या निखाऱ्यांत भाजायचे आणि वांग्याच्या भाजीसोबत लोकांना जेवू घालायचे. घराबाहेरचं कोणी जेवल्याशिवाय नवस फिटत नसे. आणि जगरा पेटवायचा तो घरच्या पुरुषानेच, कारण देव ब्रह्मचारी. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. दळायला, कणीक तिंबायला, वांगी चिरायला बायका चालायच्या, काडी ओढायला तेवढ्या चालत नव्हत्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याने दुसरी केली म्हणून हिंगणघाटचं सासर सोडून मी माहेरी आले होते. माझी लहान मुलगी मात्र त्यांनी ठेवून घेतली. ती परत मिळाली तर रोडगे करीन, असा नवस मी बोलले. दादा म्हणायचा, राहू दे तिला तिकडेच, ते लोढणं कशाला गळ्यात बांधून घेतेस. मी एकटीच चकरा मारत राहिले. पुढे दुसरीला मुलगा झाला आणि माझी पोर त्यांना जड झाली. देवाने केलं की त्यांच्या स्वार्थाने, मला काय त्याचं. तिला मांडीवर घेऊन मी एसटीत बसले.

जत्रेच्या सकाळी दादा नवं धोतर नेसून तयार. माझ्या नवसाचा जगरा तो पेटवणार होता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पोरीला नको म्हणणाऱ्याच्या हातून तिचा नवस फेडायचा? तो पानाच्या ठेल्यावर गप्पा मारत होता तोवर मी गोवऱ्या रचल्या आणि काडी ओढली.

धूर दिसताच पुजारी धावत आला, मागोमाग दादा. खानदानाची अब्रू घालवलीस म्हणाला. गावातल्या म्हाताऱ्यांनी तोडगा काढला, विझव आणि भावाला पुन्हा पेटवू दे.

"नवस बोलली तवा देवानं माह्यंच तोंड पाह्यलं," मी म्हटलं. "मंग फेडाले बाप्या काऊन पायजे?"

पुजाऱ्याने विझवायचा आग्रह सोडला. दादा मात्र ऐकेना. "तुह्या पंगतीले कोण बसते ते पाहतोच मी," म्हणाला.

कोणी बसलं नाही. रोडगे खरपूस भाजले, तुपात बुडवले, भाजीचा वास आमराईभर सुटला. ओळखीच्या बायका पत्रावळींजवळ यायच्या आणि नवऱ्यांकडे पाहून पुढे जायच्या. मुलगी पोटभर जेवली, पण ती घरचीच, तिचं जेवण धरत नाहीत. उन्हं कलली. हटायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आतून पार घाबरले होते. नवस अर्धा राहिला तर पोरीवर येईल, ही भीती माझ्याही हाडात होतीच.

माय सकाळपासून दादाच्या मागे उभी होती. त्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. आता ती चालत आली आणि पदर सावरून पत्रावळीपुढे बसली.

दादा हसला. "माय, तू घरचीच. तुह्यं जेवण मोजत नाई."

मायने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पुजाऱ्याला म्हणाली, "मी माह्या पोराच्या घरची. हिचं घर अलग हाय. मी इथं पाव्हणी आली." मग माझ्याकडे वळली. "वाढ वं."

माझ्या घरात तेव्हा मी, माझी पोर आणि तो जगरा, एवढंच होतं. मी मायला वाढलं, पाहुण्यांना करतात तसा आग्रह केला. ती सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी, पत्रावळ स्वच्छ होईपर्यंत जेवली.