दुहेरी ठशाचं नाणं

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या मित्राचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या जिन्याखालची सांदड. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. माझी बहीण इंग्लंडात नर्स होती. ती आली की बाकीच्यांना साबण, चॉकलेटं, आणि मला पर्सच्या तळाशी उरलेली चिल्लर. तक्रार करायची सोय नव्हती, कारण ती मीच मागितलेली असायची.

नव्वदच्या दशकात ती चिल्लर घेऊन आम्ही दोघं रविवारी सकाळी त्या जिन्याखाली बसायचो. आम्हाला दुहेरी ठशाचं नाणं हवं होतं. नाणी ज्या पोलादी ठशाने पाडतात, तो ठसा घडवतानाच कधी कधी चूक होते आणि अक्षरं त्याच्यावर दोनदा, जराशी सरकून उमटतात. मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर राणीचं नाव दुहेरी येतं. पण यात लबाड नाणीही असतात. पाडताना यंत्र हललं की अक्षराच्या कडेला चपटी पायरी पडते आणि नवखा माणूस नाचायला लागतो. मी दोनदा नाचलो होतो. दोन्ही वेळा मित्राने डोळ्यावरचं भिंग न काढताच निकाल दिला, "मास्तर, चपटं हाय. खऱ्याला गोलाई असती, अक्षराच्या टोकाला खाच असती. चल, चहा सांग."

नाणं फिरवत फिरवत पाहायचं, हा त्याचा नियम होता. सगळ्या बाजूंनी उजेड पडला की खोटं उघडं पडतं म्हणायचा. मी फिरवायला विसरलो की गिऱ्हाइकासमोर माझी शाळा घ्यायचा.

एका रविवारी मी पोचायच्या आतच त्याने चहा सांगून ठेवला होता. चहाच्या बाबतीत तो पक्का चिक्कू, त्यामुळे मी जरा सावध झालो.

"घावलं," तो म्हणाला. "दोन पेन्सचं. अख्खं नाव डबल. बिलकुल गोलाई."

मी भिंग लावलं. राणी होती, नाव होतं, पण एकेरी. फिरवून पाहिलं, तरी एकेरीच. "सकाळी सकाळी काय ढोसून आलास?" मी त्याला चिडवलं. त्याने नाणं हिसकावून घेतलं. "आंधळ्या, हे काय! खाली, उजव्या अंगाला!" वादात माघार घेणं माझ्या रक्तात नाही. मी तपासून बाजूला ठेवलेलं एक साधं नाणं त्याच्या हातात दिलं.

"याच्यातबी हाय," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

"फिरव," मी म्हणालो.

दुसरी अक्षरं नाण्यावरच असतील तर ती नाण्याबरोबर फिरणार, उजवीकडची डावीकडे जाणार. त्याने नाणं अर्धं फिरवलं.

"आता कुठं?"

"उजव्या अंगाला."

"अजून फिरव."

"उजव्याच अंगाला."

त्याने भिंग काढून डाव्या डोळ्याला लावलं, पाहिलं आणि खाली ठेवलं. डाव्याला एकेरी दिसलं असणार. त्या उजव्या डोळ्यावर त्याचं घर चालत होतं.

चहा आला. मी म्हणालो, "मोतीबिंदू असेल. औरंगाबादला दाखवू. काढून टाकतात."

"दिवाळीपासून काट्यामागं काटा दिसून राह्यला," तो म्हणाला. "घरी न्हाई सांगितलं. एका गिऱ्हाइकाचं घड्याळबी बिघडवलं. मंग काल हे नाणं बघितलं. म्हणलं, चला, हे तरी खरंच डबल हाय. रातभर खूश होतो."

त्याने ते दोन पेन्सचं नाणं पुन्हा माझ्याकडे सरकवलं.

"तू बघ ना अजून एकदा. बराबर बघ. थोडं तरी डबल असंल."

मी भिंग लावलं. या वेळी मला मनापासून हरायचं होतं. अक्षरं एकेरीच होती, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.