काशीबाईने घेतलेलं नाव

काशीबाईच्या मयताला लॉरेन्स आला तेव्हा शेजारी म्हणाले, "तुका तिची सगळी माहिती." तो चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिला, पण तिचं माहेर कुठलं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती एक दुपार.

तिचा मुलगा शिवा गुजरातच्या बोटीवर खलाशी. बोट हद्दीपलीकडे गेली आणि शिवा कराचीच्या तुरुंगात पडला. शिक्षा संपली, तरी सुटका होईना. दोन्ही देशांचा करार आहे: शिक्षा भोगलेला माणूस आमचाच, असं त्याच्या देशाने कळवलं की महिन्याभरात त्याला परत धाडायचं. घोडं तिथेच अडलं होतं. शिवाने तिकडे वडिलांचं नाव सखाराम सांगितलं, इकडे चौकशीला आलेल्या हवालदाराला काशीबाई म्हणाली, "आबा." सगळा गाव तिच्या नवऱ्याला आबाच म्हणायचा, आणि लग्नाच्या दिवसानंतर त्याचं नाव तिने तोंडाने कधी घेतलं नव्हतं, तो गेल्यावरही नाही. शेरा पडला: नाव जुळत नाही.

त्या दुपारी पाचच्या आत कागद गेला नाही, तर शिवा सुटणाऱ्यांच्या या खेपेतून गळणार होता. लॉरेन्स तिला कचेरीत घेऊन गेला.

"मॅडम, सखाराम," तो चाचरत म्हणाला.

"तुम्ही नका सांगू, आजोबा. जबाब आईचा आहे," जबाब घेणाऱ्या नम्रता मॅडम म्हणाल्या. "बोला, आई."

काशीबाईने पदराचं टोक दातांत धरलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"बोल गो!" लॉरेन्स कुजबुजला. "तुझो झील शिवा थंय डोळे लावन बसलो आसा."

"तुका काय जाता सांगूक? तुझी बायल क्रिस्टीना तुका नावान साद घाली."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तशी काशीबाई ताडकन उठली, पदर सारखा केला आणि आपल्या लग्नातला उखाणा म्हणाली:

"कुणकेश्वराच्या पायऱ्येर लाट येता धावान,
सखारामाचा नाव घेतंय सगळ्यांचो मान राखान."

कोणी हसलं नाही. मॅडमनी टोपण काढलं.

दोन महिन्यांनी सुटून आलेल्या शिवाला आणायला गुजरातला जायचं म्हणून ती नांदगाव स्टेशनला निघाली. दुसऱ्याच सकाळी, ती परतायच्या आत, लॉरेन्सला त्याची मुलगी अचानक गोव्याला राहायला घेऊन गेली, त्यामुळे निघतानाची ती भेट शेवटचीच ठरली. रिक्षात बसल्यावर काशीबाईने डोकं बाहेर काढलं.

"लॉरेन्स, कोंबड्यांका भात घाल हां."

"घालतंय. दार लावलंस मां?"

"लावलंय रे."