रचून ठेवलेल्या विटा

ते प्रकरण मला आजही आठवते, आणि आठवले की आधी स्वतःचाच राग येतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बदलापूरला उपनिरीक्षक होतो. कुळगावात शासकीय अनुदानातून समाजमंदिर बांधून होत आले होते. दिवसा दिवा लागू नये म्हणून उंच खिडक्या, वाऱ्यासाठी जाळीच्या भिंती आणि सगळ्या वस्त्यांना एकच दार. दाराशी पायऱ्यांच्या शेजारी एक उतार.

एका सोमवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या तीन पायऱ्यांपाशी हाताने चालवायची तीनचाकी येऊन थांबली. तिच्यात समाजमंदिर समितीचे सचिव बसले होते. अंबरनाथच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्यांचे दोन्ही पाय गेले होते. हवालदार त्यांना उचलायला धावले.

"उचलू नका. साहेबांना बाहेर बोलवा."

मी थोडा चिडूनच बाहेर गेलो. कोणीतरी तो उतार फोडला होता. गुरुवारी नगरपालिकेचे अभियंता पाहणीला येणार होते. उतार नसला तर अनुदानाचा शेवटचा हप्ता अडकणार होता.

"कॅरम चांगला खेळतो मी," ते म्हणाले. "पण जुन्या हॉलच्या बाहेर, खिडकीतून बघत बसायचो. या उतारासाठी दोन वर्षं अर्ज केलेत, साहेब."

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि जागेवर जाऊन पंचनामा केला. संध्याकाळपर्यंत खबऱ्याने नाव आणले. उतारामुळे गाड्या लावायची जागा जाते म्हणून भर सभेत भांडलेले एक निवृत्त कारखाना अधिकारी. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाकावर बसवून ठेवले. ते जराही डगमगले नाहीत.

"मी काय बोलायचं ते तोंडावर बोलतो. या वयात घण उचलायला मला वेड लागलंय का?"

माणूस खोटे बोलत नव्हता. त्यांना घरी पाठवले आणि पंचनामा पुन्हा वाचायला घेतला. त्यात एक ओळ होती : 'विटा साफ करून बाजूला रचलेल्या.' खाली सही माझीच. राग काढायला आलेला माणूस विटांवरचे सिमेंट खरवडून थप्पी लावत बसेल काय? हे शेंबड्या पोरालाही कळले असते.

समाजमंदिरासमोरच्या चहावाल्याने आधीच सांगितले होते की रविवारी तिथे कोणीच आले नव्हते. मी प्रश्न बदलला. "रविवारी काम कोण करत होतं?"

"गवंडी होता ना, साहेब. दुपारी एकटाच ठोकत होता. त्याला काय बघायचं?"

गवंडी चामटोलीचा. समोर बसवले, पाणी दिले. आवाज चढवावाच लागला नाही.

"मीच बांधला, मीच फोडला. ठेकेदार शेटनं उतार अर्ध्याच लांबीचा करायला लावला. त्यावर शिमिटाची गोणी घालून हातगाडी चढवून बघितली, तर गाडी मागं उलटली. शेट बोलला, बिल निघू दे, मग बघू. पन पाहणी झाल्यावर कोन बघतंय? तो मानूस पडला असता, साहेब."

मंजूर नकाशा मागवला. उतार खरोखरच अर्धा होता. अहवाल गेला, हप्ता थांबला आणि ठेकेदाराला स्वखर्चाने पूर्ण लांबीचा उतार बांधून द्यावा लागला. समितीने हट्ट धरला की तो याच गवंड्याने बांधावा. गुन्हा तर घडलाच होता, त्यामुळे त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल केले. त्याने कबुली दिली आणि न्यायालयाने किरकोळ दंड केला. तो सचिवांनी भरला. मला मनापासून बरे वाटले.

पुढे मी कितीतरी पंचनामे केले. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ दुसऱ्याने लिहिल्यासारखी वाचायची, ही सवय या प्रकरणाने लावली. आणि जो माणूस जिथे असायलाच हवा, तिथे त्याच्याकडे कोणी पाहत नाही, हेही तेव्हाच कळले.

मुद्देमालातल्या त्या विटा निकालानंतर समितीला परत दिल्या. आठवड्याभरात त्या हातगाडीवरून ठाण्यात आल्या, सोबत गवंडी. वरिष्ठांना विचारून मी पायऱ्यांशेजारची जागा दाखवली. त्याने मजुरी घेतली नाही. काम वाळल्यावर गोणी घालून हातगाडी दोनदा वर नेली, दोनदा खाली आणली.

काही दिवसांनी मी टेबलावर लिहीत होतो. चाकांचा आवाज आला म्हणून मान वर केली. सचिव समोर होते, दम लागलेला, हात अजून चाकावर. मी सवयीने कागद पुढे ओढला.

"तक्रार नाही, साहेब," ते म्हणाले. "सहज आत आलो."