सोनिकाचं शहाणपण

हिंदी मुलखातल्या हजीरा वस्तीत, एका शाळेत राजलक्ष्मी शितोळे नर्सरीच्या वर्गावर शिकवायची. बाळ कुठून येतं, हे वर्गातली पोरं विचारत, तेव्हा आईच्या पोटातून, असं सांगून ती मोकळी व्हायची. घरी मात्र तिची जीभ अडली. ती दुसऱ्यांदा गरोदर असताना पाच वर्षांच्या सोनिकाने सगळ्यांसमोर जेवताना हेच विचारलं. सासूबाई विजयाबाई घाईघाईने म्हणाल्या, बाळ दवाखान्यात मिळतं, डॉक्टर देतात. सासूचं बोलणं कसं खोडायचं, म्हणून राजलक्ष्मी गप्प राहिली. पुढे पोरीला एकटीला गाठून सांगू, असं ती मनाशी म्हणाली, पण ते राहूनच गेलं.

आठव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगा झाला, पण मेलेला. नवरा संग्रामसिंह त्याला कापडात गुंडाळून घेऊन गेला आणि ती रिकाम्या हाताने घरी आली. बाळ का नाही आणलं, बाळं संपली होती का, दुसरं का नाही मागितलं, सोनिका ज्याला त्याला विचारत सुटली. राजलक्ष्मीची छाती दुधाने ठणकत होती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मग एके दिवशी प्रश्न थांबले. पोर एकदम शहाणी झाली. कारल्याची भाजी मुकाट्याने खायची, वेणी घालताना कुरकुर नाही, कशाचा हट्ट नाही. शेजारणी कौतुक करायच्या. खरं तर राजलक्ष्मीलाही हायसंच वाटलं होतं.

एका दुपारी सोनिकाचं बोट दारात चेमटलं. नखातून रक्त आलं, ओठ दाबून तिचा चेहरा लालबुंद झाला, पण डोळ्यांतून टिपूस नाही. राजलक्ष्मीने बोट पाण्याखाली धरलं आणि म्हणाली, "अगं, दुखतंय तर रड ना."

"नाही रडणार. मी आता अच्छी बच्ची आहे. अब तो डॉक्टर बेबी देंगे ना?"

राजलक्ष्मीने विचारून विचारून काढून घेतलं. तू हट्टी आहेस म्हणून डॉक्टरांनी बाळ दुसऱ्यांना दिलं, असं आजीने सांगितलं होतं. दारात उभ्या विजयाबाईंनी ते ऐकलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ती सारखी विचारायची, मला सहन होईना गं.

राजलक्ष्मी तिथेच ओल्या फरशीवर बसली. वर्गातली सोपी वाक्यं तिला आठवेनात. "बाळ दवाखान्यात मिळत नाही, सोनू. ते माझ्या पोटात होतं. तूही तिथेच होतीस. ते पोटातच मेलं. तुझ्यामुळे नाही. कुणामुळेच नाही."

सोनिकाने तिच्या पोटाकडे बघितलं. मग एवढ्या दिवसांचं साठलेलं रडू एकदम फुटलं. विजयाबाई तिला उगी करायला पुढे झाल्या, तर राजलक्ष्मीने हात आडवा धरला. "रडू द्या तिला, आईसाहेब."

रडता रडताच पोरीने विचारलं, मग त्याला ठेवलं कुठे?

ते राजलक्ष्मीला ठाऊकच नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी संग्रामसिंह कामावरून आला, तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं. तो बूट काढत होता.

"मुरार वस्तीच्या पुढे, नदीच्या बाजूला पुरलं," तो म्हणाला. "पण आता जागा सापडायची नाही. मी दोनदा जाऊन आलो."

तिला वाटत होतं, तो हे केव्हाच विसरला. ती त्याच्याजवळ खाली बसली. मग उठून आत गेली. सोनिका जागी होती, तिला हेही सांगायचं होतं.