पुढचा चेंडू पडायच्या आत

मी बेसबॉलची कार्डं जमवते हे कळलं की आमच्यातल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पुण्याची बाई, राहते इकडे परदेशात, चोआ चू कांगला, नोकरी करते बुओना व्हिस्टाला, आणि हौस कसली, तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या सह्यांची! "त्यापेक्षा साड्या जमव," असं माझी नणंद मला तोंडावर म्हणाली आहे. मी म्हटलं, साड्या तुमच्याकडे आहेत की, बघावंसं वाटलं तर तिकडे येईन.

सुरुवात ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने दिलेल्या एका पाकिटापासून झाली. पत्त्यांसारखी कार्डं, वर खेळाडूचा फोटो, आणि क्वचित एखाद्यावर त्याची खरी, पेनाने केलेली सही. ती सही हातात आली की काय वाटतं, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. बाकीच्यांना समजावत बसायला मला वेळ नाही.

आई गेल्यावर चार-पाच महिन्यांनी बाबा माझ्याकडे आले. इथे जास्त दिवस राहता यावं म्हणून त्यांचा लाँग टर्म पास काढून ठेवला होता, त्यामुळे त्यांना घाईने परत जायची गरज नव्हती. तरी आल्या दिवसापासून एकच पालुपद. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं असतं? थोडे दिवस राहतो, जातो." आमच्याकडे ही एक रीतच आहे. मुलाकडे बाप हक्काने राहतो आणि मुलीकडे पाहुणा. बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. त्यांनी कायमचं माझ्याकडे राहावं असं मला फार वाटत होतं. पण विचारलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर पुढे बोलायला जागा राहणार नाही, या भीतीने मी गप्प होते. योग्य वेळ बघून विचारू, असं ठरवलं होतं.

बाबा जन्मभर बँकेत होते, पण खरे होते ते क्रिकेटचे अंपायर. क्लबच्या मॅचेस, रविवारचं ऊन, पांढरा कोट. "ह्याला खेळ म्हणतात?" असं म्हणत त्यांनी माझ्या बेसबॉलकडे पहिला आठवडा नाक मुरडलं. तिकडच्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी लागतात. मी घरून काम करायचे त्या दिवशी पोह्यांबरोबर मॅच चालू असायची. बाबा पेपर वाचल्याचं नाटक करायचे आणि अंपायरकडे बघायचे. "केवढा वाकून उभा राहतो गं तो! कंबरडं मोडेल त्याचं."

मग एके सकाळी एक खेळाडू धावताना वाटेतल्या बेसला, म्हणजे जमिनीवरच्या त्या चौकोनी उशीला, पाय न लावताच पुढे गेला. अंपायरने ते पाहिलं असावं, पण तो ढिम्म. दुसऱ्या संघाने चेंडू त्या बेसवर नेऊन दाद मागितली, तेव्हा कुठे त्याने आऊट दिलं. मी समजावलं, की पुढचा चेंडू टाकायच्या आत अपील केलं तरच आऊट, नाहीतर गेलं. बाबा खुर्चीतून उठलेच. "अरे, म्हणजे आपल्यासारखंच की!"

त्या दिवशी त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. कुठल्याशा मॅचमध्ये चेंडू बॅटला लागून कीपरकडे गेला. बाबांनी तो आवाज स्पष्ट ऐकला. पण बोलर खाली मान घालून परत निघाला, कीपर गप्प, कुणी ओरडलंच नाही. "मी उजवा हात कोटाच्या खिशात घालून उभा होतो. बोट आत नुसतं वळवळत होतं. पण विचारल्याशिवाय अंपायरला बोट वर करता येत नाही, बाळ. पुढचा बॉल पडला की संपलं." त्या बॅट्समनने पुढे शतक ठोकलं म्हणे. बाबांना त्याची गंमत वाटायची आणि हळहळही.

तेव्हापासून बाबा पक्के बेसबॉलवाले. एक डावरा पिचर त्यांचा लाडका झाला, कारण तो हुज्जत घालायचा नाही. अंपायरचा निर्णय विरुद्ध गेला तरी टोपी सारखी करून पुढचा चेंडू टाकायला सज्ज. "संस्कार आहेत त्याच्यावर," असं बाबा म्हणायचे, जणू त्याची आई सदाशिव पेठेत राहते.

कार्डांतही ते लक्ष घालू लागले. काही सह्या थेट कार्डावर केलेल्या असतात आणि काही पारदर्शक स्टिकरवर. खेळाडू एका बैठकीत स्टिकरचे ताव सह्या करून देतो आणि कंपनी मागाहून ते कार्डावर चिकटवते. हे ऐकून बाबा हबकले. "म्हणजे कोऱ्या कागदावर सही? अगं, कोऱ्या कागदावर सही करू नये हे त्यांना कुणी शिकवलं नाही?" माझी मुलगी हसून इथल्या ढंगात म्हणाली, "आजोबा, इट्स ओके लाह." आजोबांच्या मते ते मुळीच ओके नव्हतं.

गणपती झाल्यावर मी त्यांच्या हातात एक पाकीट दिलं. म्हटलं, आज तुम्ही फोडा. त्यांनी नखाने, अगदी जपून, कडेने फोडलं. आणि निघाला काय, तर त्यांचा डावराच! पण सही नव्हती. त्या कार्डावर लिहिलं होतं, की खेळाडूने अजून सही करून दिलेली नाही. मागची पट्टी खरवडा, खालचा नंबर कंपनीला कळवा, सही झाली की कार्ड घरपोच येईल. याला कधीकधी आठ-दहा महिनेही लागतात. सही थेट कार्डावर मिळणार होती, स्टिकरवर नाही. बाबांचा चेहरा असा फुलला, की आई गेल्यापासून तसा मी पाहिला नव्हता.

मी पट्टी खरवडायला नाणं शोधत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब, थांब. पितृपक्ष चालू आहे. तुझी आई असती तर आज खरवडू दिलं असतं का?" नसतंच दिलं. आई पितृपक्षात नवी चप्पलसुद्धा घ्यायची नाही. "दसऱ्याला करू," ते म्हणाले आणि कार्ड देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे उभं केलं. त्या संध्याकाळी पुण्याला फोन करून मित्राला सांगितलं, "सही आली की निघतो रे. तोवर इथेच आहे."

मी स्वयंपाकघरात होते. ते वाक्य ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं, की हातातली पोळी करपली.

दसरा आला. बाबा म्हणाले, "आईला अजून वर्ष झालेलं नाही. यंदा सण नाही, मग मुहूर्त कसला? गुढीपाडव्याला करू." मीही लगेच हो म्हटलं. कशी नाही म्हणणार? जितका उशिरा नंबर कळवू, तितकी उशिरा सही येणार, आणि तितके दिवस बाबा घरात. आता वाटतं, त्यांच्याही मनात तेच असणार. दोघंही एका कार्डाच्या आडून बोलत होतो. सरळ तोंड उघडायला काय झालं होतं आम्हाला, देव जाणे.

थंडीत तिकडचा खेळ बंद असतो. बाबा सकाळी खाली चक्कर मारायचे, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, घ्यायचे, येताना नातीसाठी काहीतरी गोड आणायचे. रोज देवाला फूल वाहताना कार्डालाही एक वाहायचे. घरात माणूस असण्याची सवय फार लवकर लागते.

वर्षश्राद्ध झालं, पाडवा आला. गॅलरीत बांबूला साडी नेसवून गुढी उभारली. श्रीखंडाचा नैवेद्य दाखवून बाबांनी कार्ड देव्हाऱ्यातून काढलं, कुंकवाचं बोट न लावता नुसतं कपाळाला टेकवलं, आणि स्वतः पट्टी खरवडली. मी नंबर घातला. स्क्रीनवर आलं, मुदत संपली. मी कार्ड उलटून बघितलं. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात तारीख होती. ती उलटून काही आठवडेच झाले होते.

माझा पाराच चढला. "ही काय लूट आहे! तक्रार करते, बॉसला सांगून अमेरिकेतून फोन करवते. बघतेच कसे देत नाहीत!" मी अशी बडबडत होते आणि बाबा शांतपणे चष्मा पुसत होते. "अगं, बैल गेला आणि झोपा केला, असं झालंय. त्यांनी तारीख दिली होती. आपण अपीलच केलं नाही. आता पुढचा बॉल पडून गेला, बाळ. आता ओरडायचं नसतं."

मग चष्मा चढवून म्हणाले, "चला. आता निघायला हरकत नाही."

तेव्हाच विचारायला हवं होतं. सही गेली खड्ड्यात, तुम्ही राहा, एवढंच. पण मी फणकाऱ्यातच होते, कंपनीवर, तारखेवर, स्वतःवर. रात्री शांत झाल्यावर बोलू, असं म्हटलं. रात्री म्हटलं, रविवारी बोलू. तिकीट काढून झालं तरी माझी योग्य वेळ काही येईना.

पुण्यात ते पावसाळ्याच्या शेवटी गेले. झोपेतच, घरात एकटे. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आता त्या डावऱ्याची सही मी कुठूनही विकत घेऊ शकते, आणि मला ती नको आहे. ते खरवडलेलं कार्ड मात्र अन्नपूर्णेच्या मागे तसंच उभं आहे.

चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेले तो दिवस डोळ्यांपुढून जात नाही. पासपोर्ट दाखवून आत जायचं होतं. मागे रांग लागली होती, तरी बाबा गेटपाशी थांबले. वळून माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घ्या."

"बरं," ते म्हणाले. हात खिशातून काढला आणि बॅग उचलली.